तीन दांड्यांची गिटार

महेंद्रची टेबलासारखी पायांवर उभी राहणारी, तीन दांड्यांची जुनी स्टील गिटार मानपाड्याच्या फ्लॅटचा अर्धा हॉल अडवून बसलेली. वाजवली की व्हिंटेज मालाची किंमत उतरते म्हणून तो स्वतः वाजवायचा नाही, आणि बायकोला, नीलाला, तर धूळही पुसू द्यायचा नाही.

आज ऑफिसातून लवकर आला तो पेटूनच.

"खालच्या स्वप्नाताई म्हणतात, दुपारची तुमची गिटार काय गोड वाजते. कोणी हात लावला तिला?"

"मला काय विचारता?"

"तारांवर फिरवायची स्टीलची कांडी माझ्या कपाटात, कुलपात आहे. त्याशिवाय वाजणार कशी? त्या बाईचे कान गेलेत. जा, चहा टाक."



नीला दातओठ खात आत गेली, ओढणीआडचा स्टीलचा बत्ता काढला आणि त्याच्या चहातल्या आल्याचा पार चेंदामेंदा केला.