गेलिकचे धडे

लग्न करून रोना ग्लासगोहून या बेटावर आली, त्याला एकवीस वर्षं झाली. नवऱ्याबरोबर, मर्डोबरोबर, हॉस्टेल चालवता चालवता ती मेंढ्यांची लोकर कातरायला शिकली, वादळाआधी छप्पर दोरांनी आवळायला शिकली. त्याची गेलिक भाषा मात्र काही तिच्या जिभेवर बसली नाही.

आणि कर्स्टी दर सप्टेंबरला एडिनबराहून खास गेलिक शिकायलाच यायची. आठवडाभर हॉस्टेलात राहायची. घरात दिवसाला दहा शब्द बोलणारा मर्डो शेगडीपाशी बसून तिच्याशी तासन्‌तास बोलायचा, मध्येच लाजून हसायचासुद्धा. पलीकडे बटाटे सोलणाऱ्या रोनाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"एवढं काय बोलता रे?" तिने एकदा विचारलं.

"असंच गं, हवापाणी," मर्डो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

यंदा कर्स्टीला बोटीवर सोडायला रोना मुद्दाम स्वतः गेली. धक्क्यावर गाडी थांबवली, पण तिची बॅग काही खाली काढली नाही.

"माझा नवरा तुझ्याशी काय बोलतो, ते आधी सांग. मग जा."

कर्स्टीने सुस्कारा सोडला. "बरं झालं विचारलंत. पुढच्या वर्षी मी दुसरा शिक्षक शोधणार आहे. तीन वर्षं झाली, मला अजून दुकानात पाव मागता येत नाही.



येतं ते फक्त तुमचं कौतुक करायला."