मैत्रिणीकडे

स्वयंपाकघर सोडून वर्षानुवर्षं कुठे न गेलेली आई हल्ली दर शनिवारी दुपारी "मैत्रिणीकडे जाऊन येते" म्हणून निघायची आणि फोनही बंद ठेवायची. लेकीच्या मनात पाल चुकचुकली. या शनिवारी ती गुपचूप आईच्या मागोमाग गेली. मैत्रिणीच्या दाराशी पोचली, तर आतून शीळ ऐकू आली. एखाद्या टवाळ माणसाने घालावी तशी, लांबलचक आणि बिनधास्त. तिने बेल दाबली.

मैत्रिणीने दार उघडताच लेक म्हणाली, "मावशी, खरं सांगा, आत कोण पुरुष आहे?"

"पुरुष?" मावशीला हसू आवरेना. "अगं, तुझी आई आहे ती! कॉलेजात असताना हिच्या शिळेवर पोरं वळून बघायची."

आत आई टेबलावर तंगड्या पसरून बसली होती. लेकीला पाहताच तिने पटकन पाय खाली घेतले.

"काय गं, घरी काही झालं का?"

"काही नाही. तू वाजव ना."

आईने ओठांचा चंबू केला, दोनदा जोर लावून पाहिला. लेकीसमोर नुसती हवाच निघाली.