अक्कांचा उपदेश

विस्मरणाचा आजार झालेल्यांच्या घरच्यांचा आमचा ऑनलाइन गट होता. तिथे मी एकदा वैतागून लिहिलं, "आई सकाळपासून चाळीस वेळा विचारतेय, बाबा कधी येणार? बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली. शेवटी ओरडले मी."

सगळ्यांनी धीर दिला. गटातल्या वयस्कर अक्कांनी मात्र लिहिलं, "ओरडू नकोस गं. 'येतीलच' म्हणायचं. आपलं काय जातं?"

माझं डोकं फिरलं. "तुमची आई गेली, तुम्ही सुटलात. आता शिकवा आम्हाला!" असं सगळ्यांदेखत सुनावून मी गट सोडला.

गेल्या महिन्यात आई गेली. काल धीर करून अक्कांना मेसेज केला, "तेव्हा फार लागेल असं बोलले, अक्का. माफ करा. तुम्ही तुमच्या आईला किती शांतपणे सांभाळलं असेल, ते आता कळतंय."

त्यांचं उत्तर आलं.

"राग केव्हाच गेला, बाळा. पण शांतपणे कुठलं? माझी आईही हेच विचारायची. एकदा चिडून मी तिच्यापुढे बाबांच्या मृत्यूचा दाखला धरला. बाबा नुकतेच गेल्यासारखी रडली गं. दहा मिनिटांत ती ते विसरलीसुद्धा. मला अजून जमलेलं नाही."