नवी बेल

राउटरच्या फायरवॉलवर पहारा देणाऱ्या एआय एजंटने तिला भंडावून सोडलं होतं. घरात कुठलंही नवं उपकरण दिसलं, की याचा प्रश्न तयार: "याला नेट देऊ का?" अशा एजंटांसाठी सूचना लिहिणं हेच तिचं काम. वैतागून तिने त्याच्यासाठी त्या नव्याने लिहिल्या, अगदी फोड करून: "अनोळखी उपकरण दिसलं, की विचारत बसू नकोस. सरळ अडव. संध्याकाळी एकदाच काय ते सोप्या भाषेत कळव." आणि रात्री आधी स्वतःच्याच घरी लागू केल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टॅक्सी जागची हलत नव्हती आणि घरी एकटी असलेली आई फोन उचलत नव्हती. धीर एकच होता. सकाळीच दादाने आईच्या उशाशी वायफायवरची बेल बसवली होती. "काही झालं तर आई ही दाबेल, तुझा फोन वाजेल. आता तरी घोर सोड."

बेल कुठे वाजलीय? झोपली असेल. झोपलीच असेल.

तेवढ्यात फोन वाजला. तिने झडप घातली. एजंटचा निरोप होता, तिने शिकवला तसाच, सोप्या भाषेत:

"एक अनोळखी उपकरण दुपारभर तुम्हाला हाका मारत होतं. प्रत्येक हाक अडवली. आता ते शांत आहे."