पदराची गाठ

मानवत रोडला उतरताना एक गुरुजी आमाला सांगून गेले, "समोरचे गोरे नवराबायको इटलीचे हायेत. पाठीवर थैल्या घेऊन आगगाडीनं मुलुख बघत फिरायलेत." परभणीला डबा रिकामा झाला. तो गोरा बाटली घेऊन पाण्याला उतरला, आमचे हेबी तांब्या घेऊन त्याच्या मागं गेले. तेवढ्यात हिसका बसला. बाकीची गाडी फलाटावर तशीच उभी, अन् आमचा एकलाच डबा इंजनामागं निघाला. त्याची ती गोरी पोरगी किंचाळली. थैली पाठीवर टाकून दाराकडं धावली, खाली उडीच घेणार होती. मी तिला कवेत धरून बाकावर बसवलं अन् तिच्या थैलीच्या पट्ट्याला माझ्या पदराची गाठ मारली. "इंजनाला पाणी पाजायला नेलंय, माय," मी म्हणले. "पाणी पिलं की परत आणतेत. भिऊ नको." तिला काय कळलं देव जाणे, पण तिनं माझा हात सोडला न्हाई. फलाट दिसंनासा झाला. नुसते रूळ अन् बाभळी. मग डबा थांबला, अन् मागं सरकत सरकत परभणीतच दुसऱ्या फलाटावरच्या एका गाडीला जाऊन भिडला. तिथं आमचे हे उभे होते, त्या गोऱ्यानं रुळावर पळू नये म्हणून त्याचं मनगट गच्च धरून. ती रडत रडत हसली, गाठीकडं बोट केलं. मला ती सुटंना. भ्यानं मीच ती गच्च आवळली होती. इंजनाचं मला काय ठावं? आमची मेंढरं पाणी पिऊन माघारी येतेत, एवढंच मला ठावं होतं. आगगाडीत मी आजच पहिल्यांदा बसले होते.