आईला समुद्र दाखवायचा होता

सत्यशीलाबाई समुद्राकडे बघतच नव्हत्या. वाळूत चादर अंथरून त्या शेंगा सोलत बसल्या होत्या. उमापूरहून निघताना त्यांनी पिशवीभर भाजून आणल्या होत्या. शेजारी मनिषा बसली होती आणि तिचं सारं लक्ष आईच्या चेहऱ्याकडे होतं.

"आई, पाण्यात पाय तरी बुडव."

"बुडवीन की. घाई हाय का काय?"

दीवच्या त्या किनाऱ्यावर गर्दी नव्हती. दूरवर दोन-चार माणसं आणि पालथ्या घालून ठेवलेल्या होड्या, एवढंच. सकाळी गाडीवाल्यानं बेट फिरवून दाखवलं होतं. पोर्तुगीजांचा किल्ला, गंजलेल्या तोफा, पांढरं चर्च, उन्हात सुस्तावलेल्या गल्ल्या. चारशे वर्षं ते लोक इथं होते, असं तो सांगत होता. मग समुद्राकडच्या टेकाडावर त्यानं गाडी थांबवली. तिथं काचेच्या घरात एका जहाजाची प्रतिकृती होती. एकाहत्तरच्या लढाईत हे जहाज समोरच्याच समुद्रात बुडालं, तो म्हणाला. मागे बसलेली बीड जिल्ह्यातली म्हातारी माणसं सोमनाथहून त्या जहाजासाठीच इथवर आलीत, हे त्याला ठाऊक नव्हतं.

त्या जहाजावर अजिनाथ होता. सत्यशीलाबाईंचा पहिला नवरा आणि आताच्या नवऱ्याचा, धोंडीरामआप्पांचा, थोरला भाऊ.

तार आली तेव्हा लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तारेमागून दुसरं काहीच आलं नाही. मातीसुद्धा करता आली नाही. सगळं गाव सतरा वर्षांच्या सत्यशीलेभोवती गोळा झालं. सासू तिच्या गळ्यात पडून हंबरडा फोडायची. धोंडीराम तिच्याहून वर्षानं लहान. तो आल्यागेल्याला पाणी देत होता, बैलांना वैरण टाकत होता. दोन वर्षांनी घरच्यांनी त्याच्याशीच तिचा पाट लावून दिला. पोरगी घरातच राहिली, म्हणून सगळ्यांना बरं वाटलं.

त्यानंतर धोंडीरामनं भावाचं नाव तोंडातून काढलं नाही. पारावर कुणी अजिनाथचा विषय काढला की तो उठून गोठ्याकडे जायचा. गावातले म्हणायचे, बायको थोरल्याची, वाट्याची जमीन थोरल्याची, ह्याला त्याचं नाव कसं सोसंल? मनिषालाही लहानपणापासून तेच खरं वाटत आलं होतं. म्हणूनच यंदा सोमनाथला जायचं ठरलं आणि आप्पा आपणहून बोलले, तेव्हा तिला नवल वाटलं.

"तितून दीव जवळ हाय म्हणं. जाऊ. तुज्या आईला एकदा दाखवायला पायजे."

उशिरा का होईना, बापाला आईचं दुःख कळलं, असं तिला वाटलं. सत्यशीलाबाईंनी मात्र "कावून? आता तितं काय हाय?" एवढंच विचारलं होतं.

टेकाडावर त्यांनी हात जोडले, फुलं वाहिली. मनिषा त्यांचा दंड धरून उभी होती. आईला रडू कोसळलं तर सावरावं, म्हणून. पण त्यांचे डोळे कोरडेच राहिले.

"खरं सांगू का," किनाऱ्याकडे येताना त्या लेकीला हळूच म्हणाल्या होत्या, "मला त्यांचा चेहराबी नीट आठवत न्हाई. लगीन झालं अन् त्यांची रजा सपली. भितीवरला फोटू हाय, तेवढाच ठावा."

 आता मनिषा उठली आणि चहा आणायला टपरीकडे गेली.

सत्यशीलाबाईंनी मान वर केली. आप्पा कडेला कुठं दिसेनात. मग त्यांना ते दिसले. धोतर न खोवताच ते गुडघाभर पाण्यात उभे होते. लाट आली की हलत होते, पण मागे सरकत नव्हते. सत्यशीलाबाईंनी शेंगा चादरीवर टाकल्या आणि लुगडं सावरत त्या पाण्यात शिरल्या.

"अवो, मागं या. भिजलाव समदे."

"पाणी लई गार हाय," आप्पा म्हणाले.

"मग या की भाईर."

ते वळले नाहीत. 

"मला त्यानंच पोहायला शिकवलं. मळ्यातल्या हिरीत. पाठीवर घिऊन उडी मारायचा." आप्पांनी समोरच्या पाण्याकडे हात केला. "दादाला लई चांगलं पोहता यायचं, अगं. आख्ख्या गावात तसा कुणी न्हवता."

एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांच्या तोंडून 'दादा' हा शब्द सत्यशीलाबाई पहिल्यांदा ऐकत होत्या. त्यांनी आप्पांना हाताला धरून काठाशी आणलं. ओल्या वाळूत येताच आप्पा खाली बसले. ते ढसाढसा रडू लागले. एखाद्या पोरानं रडावं तसे, तोंड न झाकता.

सत्यशीलाबाई शेजारी बसल्या. आप्पांच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या.

"रडा," त्या म्हणाल्या. "तवा समदे माज्याच भवती व्हते. तुमाला कुणी इचारलंच न्हाई."

चहाचे कप टाकून मनिषा धावत आली. आप्पांना असं रडताना तिनं कधीच पाहिलं नव्हतं. ती घाबरून गेली होती.

"आई, काय झालं? आप्पांना काय झालं?"

सत्यशीलाबाईंनी पाठीवरचा हात काढला नाही.

"त्यांचा भाऊ गेलाय, बाई," त्या म्हणाल्या.