चौथी पट्टी

"परत सैल झाली." कप्तानांनी हॅट काउंटरवर ठेवली. "थेट कानांवर उतरते. वारा आला की धरून चालावं लागतं."

कारागिरानं हॅट उलटी केली. करड्या फेल्टची, रुंद काठाची जुनी हॅट. दीड महिन्यापूर्वी ती पहिल्यांदा त्याच्याकडे आली तेव्हा घामाच्या डागांखाली तिचा रंगसुद्धा ओळखू येत नव्हता. त्यानं ती ब्रशनं झाडली, वाफेवर धरली, दोन दिवस लाकडी ठोकळ्यावर चढवून ठेवली, काठ इस्त्री करून सरळ केला. ती घरी गेल्यावर आठ दिवसांनी कप्तान स्वतः ती घेऊन आले. हॅट झकास झालीय, पण सैल होते म्हणाले. त्यावर उपाय सोपा. आतल्या चामड्यामागं फेल्टची बारीक पट्टी घालून शिवायची. दहा मिनिटांचं काम. त्यानं ते केलं. पुढच्या गुरुवारी कप्तान पुन्हा हजर, आणि हॅटमध्ये पट्टीच नाही. मग दर गुरुवारी तेच.

आज चौथी पट्टीही गायब होती.

"कप्तान, तुमचं डोकं लहान झालंय का?"

"आहे तेवढंच आहे. बायकोला विचाराल तर तेवढंही नाही."

कारागिरानं त्यांच्या डोक्याला मापाची फीत लावली. साडेबावीस इंच. मागच्या खेपेलाही साडेबावीसच.

"सावकाश करा," कप्तान म्हणाले. "मी शेजारी दाढी करून येतो."

ते गेले आणि कारागीर हॅट हातात धरून नुसता उभा राहिला. चाळीस वर्षांत त्याचा टाका उसवून कुणी परत आलं नव्हतं. पट्टी घातल्याचं त्याला आठवत होतं, सुईत दोरा ओवल्याचंही आठवत होतं. पण ते मागच्या गुरुवारचं की त्याच्या आधीच्या? त्यानं काउंटरखाली पाहिलं, कात्रणांचा डबा पालथा केला. गेल्याच महिन्यात लेक म्हणाली होती, "बाबा, हात थरथरतो तुमचा, आता बास करा." तेव्हा तो तिच्या अंगावर ओरडला होता. आता त्यानं हात खिडकीच्या उजेडात धरला. थरथरतोय की नाही, तेच त्याला ठरवता येईना.

दार उघडलं. पिशवी घेतलेली एक बाई आत आली.

"मी कप्तानांची बायको. ते न्हाव्याकडे बसलेत, म्हणजे दहा मिनिटं आहेत माझ्याकडे." तिनं पिशवीतून फेल्टच्या तीन पट्ट्या काढून काउंटरवर ठेवल्या. "दादा, रागावू नका. ते आंघोळीला गेले की मीच उसवते."

कारागिराला काही उमजेना. "कशासाठी पण?"

"त्यांची फेरीबोट बंद झाली, त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून खिडकीशी बसले ते बसलेच. मी सांगून दमले, डॉक्टर सांगून दमले. उंबरठा म्हणून ओलांडायचे नाहीत. हॅटसुद्धा मीच आणून टाकली होती तुमच्या लेकीजवळ, निदान घालून बघतील म्हणून. तर सैल झाली म्हणून स्वतः उठले, चालत इथं आले. घरी येऊन तासभर बोलत होते. वाफ कशी धरता, ठोकळा कुठल्या लाकडाचा. पट्टी पक्की बसली असती तर परत कशाला आले असते?"

"आणि मी इथं स्वतःला वेड्यात काढतोय," कारागीर म्हणाला. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटलं त्याला. त्यानं पट्ट्या एकावर एक रचल्या. मग पुन्हा वेगळ्या केल्या.

"या तर तीनच आहेत."

"तीनच काढल्या मी."

"मी चार घातल्यात."

"मागचा आठवडाभर मी बहिणीकडे होते. कालच आले. या खेपेला हॅटला हातही लावला नाही." ती जरा अडखळली. "मला वाटलं, यावेळी तुमचाच टाका सुटला असेल."

ती दारापर्यंत गेली आणि वळली. "फार पक्कं शिवू नका, एवढंच सांगायला आले होते."

कारागिरानं भिंग काढलं. चामड्याच्या एका भोकात दोऱ्याचं टोक अडकून राहिलं होतं. तुटलेलं की कापलेलं? त्यानं ते उजेडात धरलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. एकदा तुटलेलं वाटे, एकदा कापलेलं.

कप्तान गुळगुळीत गालांनी परत आले आणि स्टूल ओढून बसले. कारागिरानं पाचवी पट्टी घातली आणि लांब लांब, कच्चे टाके घातले. जन्मात त्यानं असे टाके घातले नव्हते. कप्तान टक लावून पाहत होते.

हॅट डोक्यावर नेमकी बसली. कप्तानांनी ती काढली, आतून कडेकडेनं बोट फिरवलं आणि एका जागी थांबवलं.

"गाठ इथं मारलीत वाटतं."

"हो."

"बरं."

"आता वय झालं, कप्तान. पूर्वीसारखा टाका बसत नाही," कारागीर खाली बघत म्हणाला. "सैल झाली तर या."

कप्तानांनी दारात हॅट किंचित तिरकी केली.

"होईल की," ते म्हणाले. "गुरुवारपर्यंत नक्की होईल."